जोडप्याची फाइल आणि आयकराचे सॉफ्टवेअर: गोव्यातल्या छोट्या ऑफिससाठी निवडीच्या पायऱ्या

डेमो द्यायला येणारा प्रतिनिधी बहुधा एकच रिटर्न दाखवतो. पगारदार माणूस, एक फॉर्म सोळा, थोडे बँकेचे व्याज. दहा मिनिटांत कर निघतो, पोर्टलवर चढवायची जेसन फाइल तयार होते आणि तो आपल्याकडे पाहतो. मी त्याला दरवेळी एकच विनंती करतो: हाच माणूस आता गोव्याचा आणि विवाहित आहे असे धरा, आणि त्याच्या बायकोचेही रिटर्न इथेच माझ्यासमोर करून दाखवा. त्यानंतर तो कुठले बटण शोधतो, किती वेळ शोधतो आणि शेवटी आकडे हाताने भरतो का, यावरून मला बाकीचे कळते.

फोंड्याला माझे छोटे ऑफिस आहे. मी, दोन सहायक, तीन संगणक. सावईवेऱ्याचे बागायतदार, डिचोली-साखळीचे ट्रकमालक, शिक्षक, दोन-तीन पतसंस्था, आणि जहाजावर नोकरी करणाऱ्यांची काही कुटुंबे, अशी माझी कामे. एवढ्या आकाराच्या ऑफिससाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे हे मी पायरीपायरीने लिहितो आहे. पुण्या-मुंबईच्या सहकाऱ्यांचा सल्ला आपल्याला अर्ध्यापर्यंतच उपयोगी पडतो. तिथे एक पॅन म्हणजे एक क्लायंट. आपल्याकडे क्लायंट म्हणजे जोडपे, कारण इथे बऱ्याच नवरा-बायकोंचे उत्पन्न आयकरात दोघांत वाटले जाते.

पायरी पहिली: आपली कामे मोजा

सॉफ्टवेअरचे माहितीपत्रक उघडण्याआधी मागच्या वर्षीचे रजिस्टर उघडा. आयकर रिटर्नच्या फॉर्मांपैकी किती आयटीआर-१, किती २, किती ३, किती ५ आणि ७, किती टॅक्स ऑडिट, किती टीडीएस रिटर्न, किती जीएसटी नोंदण्या, हे एका कागदावर लिहा. मग प्रत्येक वैयक्तिक क्लायंटपुढे एक खूण करा: याला कलम ५ए लागू आहे का?

ज्यांनी गोव्यात नुकतेच ऑफिस थाटले त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. पोर्तुगीज नागरी संहितेतल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली जे पती-पत्नी येतात, त्यांचे पगार सोडून बाकी प्रत्येक शीर्षाखालचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे वाटले जाते आणि ज्याचा त्याचा वाटा ज्याच्या त्याच्या रिटर्नमध्ये जातो. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम १९९४ च्या वित्त कायद्याने घातले आणि १ एप्रिल १९६३ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले. गोव्यासोबत दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीलाही ते लागू आहे. पगार मात्र कमावणाऱ्याचाच राहतो.

गोव्यात राहतो म्हणजे ५ए लागू, असे नाही. कोल्हापूरहून बदलीवर आलेल्या बँक अधिकाऱ्याला ते लागू नाही. लग्नाआधी करार करून मालमत्ता वेगळी ठेवलेल्या जोडप्यालाही नाही. म्हणून ही खूण अंदाजाने करू नका. लग्नाची नोंद आणि करार, दोन्ही विचारून करा. माझ्या सहायकाने एकदा आडनाव पाहूनच टिक मारली होती, आणि ती चूक दोन वर्षे तशीच पुढे सरकत राहिली.

मोजणी झाली की एक गोष्ट डोळ्यांत भरेल. ज्यांना ५ए खाली उत्पन्न वाटून द्यायचे आहे त्यांना आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे सोपे फॉर्म वापरताच येत नाहीत. पगार आणि मुदत ठेवीचे व्याज एवढेच असलेल्या शिक्षकालाही आयटीआर-२ भरावा लागतो. ४४एडीखाली अंदाजित नफा दाखवणाऱ्या छोट्या दुकानदाराला आयटीआर-३. त्याच्या नफ्याचा अर्धा वाटा बायकोकडे धंद्याच्या शीर्षाखालीच जातो, म्हणून तिचेही रिटर्न आयटीआर-२ मध्ये बसत नाही. माहितीपत्रकात ‘अमुक सेकंदांत आयटीआर-१’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते. तुमच्या कागदावर आयटीआर-१ चे किती आकडे उरले ते पाहा आणि मग त्या जाहिरातीला किती महत्त्व द्यायचे ते ठरवा.

पायरी दुसरी: विकत घ्यायची खरेच गरज आहे का?

आयकर खात्याच्या पोर्टलवर आयटीआर-१ ते ४ साठी ऑफलाइन युटिलिटी फुकट मिळते. टीडीएससाठी प्रोटियन कंपनीची विवरणपत्र बनवायची आरपीयू आणि तपासणीची एफव्हीयू फुकट आहे. जीएसटीचे ऑफलाइन टूलही तसेच. शेड्युल ५ए या युटिलिटीत आहे आणि नीट चालते. वर्षाला चाळीस-पन्नास रिटर्न, दोन-चार टीडीएस आणि ऑडिट नाही, एवढेच काम असेल तर माझ्या मते पैसे खर्चू नका. एक चांगली एक्सेल शीट करा, त्यात जोडप्याचे वाटप मांडा आणि युटिलिटीत भरा. पहिली दोन वर्षे मी हेच केले, आणि शेड्युल ५ए हाताने भरल्यामुळेच ते मला कळले.

युटिलिटी कमी पडते ती संख्या वाढल्यावर. एकाचे रिटर्न करताना जोडीदाराचे दिसत नाही. कोणाचे भरून झाले, कोणाचे ई-व्हेरिफाय राहिले, कोणाचा रिफंड अडकला, याची यादी मिळत नाही. ताळेबंद, ३सीडी या टॅक्स ऑडिटच्या फॉर्मची कलमे, घसाऱ्याचा तक्ता हे सगळे बाहेर करावे लागते. शंभराच्या वर गेलात, किंवा ऑडिट दहाच्या वर गेले, की सॉफ्टवेअरचा खर्च वेळेतून भरून निघतो.

बाजारात नावे पुष्कळ आहेत. मंगळुरूचे विनमॅन, पुण्याच्या साइनवेव्हचे टॅक्सबेस, जयपूरच्या केडीकेचे स्पेक्ट्रम आणि एसएजी इन्फोटेकचे जिनिअस, बेंगळुरूच्या रेलिऑनचे सरल, शिवाय कॉम्प्युटॅक्स. मी यातले कोणतेही सुचवणार नाही. दरवर्षी आवृत्ती बदलते आणि एकाला सोयीचे ते दुसऱ्याला नसते. तीन निवडा आणि तिघांकडून चाचणीची प्रत मागा. चाचणीची प्रत न देता नुसता डेमो दाखवणारा यादीतून काढून टाका.

पायरी तिसरी: तीन जोडप्यांची परीक्षा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आधीच भरून झालेली, आकारणी झालेली तीन कुटुंबांची रिटर्न निवडा. नावे आणि पॅन बदला, आकडे तेच ठेवा. प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ती स्वतः भरा. प्रतिनिधीला भरू देऊ नका. उत्तर तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे चूक कुठे झाली ते लगेच दिसेल.

पहिले जोडपे साधे असू द्या. नवरा शिक्षक, बायको घरी. नवऱ्याच्या नावावर एक घर भाड्याने दिलेले: वर्षाचे भाडे २,४०,०००, घरपट्टी ४,०००. निव्वळ वार्षिक मूल्य २,३६,०००, त्यातून ३० टक्के म्हणजे ७०,८०० वजा, उरले १,६५,२००. दोघांच्या वाट्याला ८२,६०० प्रत्येकी. नवऱ्याच्या ठेवीचे व्याज ८०,०००, बायकोच्या ठेवीचे २०,०००. दोघांच्याही रिटर्नमध्ये शेवटी ५०,००० यायला हवेत. नवऱ्याचा पगार पूर्ण त्याच्याकडेच.

आता टीडीएस. बँकेने नवऱ्याच्या ८०,००० वर १० टक्क्यांनी ८,००० कापले आणि सगळे त्याच्याच पॅनवर दिसतात. त्यातले ४,००० बायकोच्या रिटर्नमध्ये मागायचे आहेत. रिटर्नच्या टीडीएस शेड्युलमध्ये हे क्रेडिट स्वतःचे की जोडीदाराचे, हे सांगणारा रकाना आहे, आणि तिथे समोरच्याचा पॅन भरावा लागतो. चांगले सॉफ्टवेअर एका बाजूला आकडा टाकला की दुसऱ्या बाजूला आपोआप नेते. कच्चे सॉफ्टवेअर उत्पन्न वाटते, पण टीडीएस वाटत नाही. माझ्याकडे एका वर्षी नेमके हेच झाले. पंचवीसेक जोडप्यांच्या बायकांकडे उत्पन्न गेले आणि टीडीएस नवऱ्याकडेच राहिला. रिटर्न तपासून खाते पाठवते ती १४३(१) ची सूचनापत्रे आली तेव्हा एकीकडे मागणी आणि दुसरीकडे रिफंड, आणि दोन्हीकडच्या दुरुस्त्यांत माझा पूर्ण फेब्रुवारी गेला. त्यात एक आजी होत्या, साठ वर्षांत त्यांना सरकारचे एकही पत्र आले नव्हते. ते मागणीचे पत्र हातात धरून त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून मी ही चाचणी सोडत नाही.

म्हणून पहिल्या जोडप्यात तपासायचे ते इतके: शेड्युल ५एमधला आकडा आणि मूळ शेड्युलमधला आकडा जुळतो का, टीडीएस दोन्हीकडे बरोबर पडतो का, आणि नवऱ्याच्या रिटर्नमध्ये व्याज ८०,००० चे ८५,००० केले तर बायकोचे रिटर्न स्वतःहून बदलते का, किंवा निदान ‘जोडीदाराचे रिटर्न पुन्हा तपासा’ अशी सूचना येते का. हा शेवटचा मुद्दा फार कमी जण तपासतात. जुलैअखेर एखादे व्याज प्रमाणपत्र उशिरा येतेच, आणि एकाचे दुरुस्त करून दुसऱ्याचे राहते.

दुसरे जोडपे धंद्याचे घ्या. नवरा एका भागीदारी संस्थेत भागीदार, संस्थेचे ऑडिट होते. शिवाय स्वतःचे छोटे दुकान ४४एडीखाली. भागीदाराला मिळणारा मोबदला आपण बोलताना ‘पगार’ म्हणतो, पण कायद्यात तो पगाराच्या शीर्षाखाली येत नाही. तो धंद्याचे उत्पन्न आहे. म्हणजे तो वाटला जातो. सॉफ्टवेअरमध्ये तो टाकल्यावर अर्धा बायकोकडे जातो की ‘सॅलरी’ या शब्दाने फसून पूर्ण नवऱ्याकडेच राहतो, ते पाहा. संस्थेच्या नफ्यातला वाटा करमुक्त, तो वेगळा.

याच जोडप्यावर आणखी दोन गोष्टी तपासा. ५ए ची टिक मारल्यावर सॉफ्टवेअर आयटीआर-४ निवडू देते का? देत असेल तर ते गोव्यासाठी तयार नाही. दुसरी, मुदतीची यादी. ऑडिट होणाऱ्या संस्थेच्या भागीदाराला मुदत ३१ ऑक्टोबरची. आणि २०२१ च्या वित्त कायद्यापासून ५ए लागू असेल तर त्याच्या जोडीदारालाही तीच. मी पाहिलेल्या एका सॉफ्टवेअरच्या यादीत बायको ३१ जुलैच्या रांगेत दिसत होती. बिचारी तेव्हा नवऱ्याच्या संस्थेचे आकडे येण्याआधीच अंदाजाने रिटर्न भरणार आणि नंतर सुधारित भरणार.

जीएसटी असलेल्या दुकानदाराचे आणखी एक. जीएसटीतली उलाढाल पूर्ण त्याच्या एकट्याच्या नोंदणीवर राहते, ती वाटली जात नाही. एआयएसमध्येही, म्हणजे खात्याकडच्या व्यवहारांच्या वार्षिक तक्त्यातही, पूर्ण आकडा दिसतो. आयकरात मात्र उत्पन्न निम्मे. सॉफ्टवेअर ही तुलना दाखवताना ‘उत्पन्न कमी दाखवले’ असा लाल इशारा देत असेल तर तो का आला हे नोंदवायची सोय आहे का ते बघा. नसेल तर पुढच्या वर्षी सहायक तोच इशारा पाहून पुन्हा घाबरतो.

तिसरे जोडपे कठीण असू द्या: नवरा जहाजावर, अनिवासी, बायको गावी, निवासी. आणि त्या वर्षी एक प्लॉट विकलेला. सासष्टी-बारदेशात ऑफिस असेल तर अशी कुटुंबे रोजचीच. जहाजावरच्या कर्मचाऱ्याचे भारतातले दिवस सीडीसी या खलाशाच्या पुस्तिकेतल्या नोंदींवरून मोजावे लागतात. त्यासाठी नियम १२६ आहे. सॉफ्टवेअरमध्ये दिवस मोजायचा तक्ता असेल तर छान, नसेल तर एक्सेल चालते. कसोटी पुढे आहे.

समजा प्लॉट २००१ पूर्वीचा, १ एप्रिल २००१ ची किंमत १२ लाख, आणि आर्थिक वर्ष २०२५-२६ मध्ये ८० लाखांना विकला. २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला इंडेक्सेशनशिवाय, म्हणजे खरेदीची किंमत महागाईच्या निर्देशांकाने न वाढवता, साडेबारा टक्के कर. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनीवर वा घरावर निवासी व्यक्तीचा कर जुन्या पद्धतीने, म्हणजे इंडेक्सेशनसह २० टक्क्यांनी, कमी येत असेल तर वरचा फरक सोडून दिला जातो. अनिवासीला ही सवलत नाही. आता जोडप्याचे गणित मांडा. नफा ६८ लाख, प्रत्येकी ३४. नवऱ्याचा कर साडेबारा टक्क्यांनी ४,२५,०००. बायकोसाठी निर्देशांक ३७६ धरून किंमत ४५.१२ लाख, नफा ३४.८८ लाख, तिचा अर्धा १७.४४ लाख, त्यावर २० टक्के म्हणजे ३,४८,८००. मूळ सूट, अधिभार आणि उपकर बाजूला ठेवला तरी एकाच प्लॉटवर नवरा-बायकोच्या करात ७६,२०० चा फरक. आणि तिच्या रिटर्नमध्ये उत्पन्न ३४ लाखच दिसायला हवे; कमी होतो तो कर.

ही एक फाइल ज्या सॉफ्टवेअरने बरोबर सोडवली ते विकत घ्यायच्या यादीत राहते. न सोडवणारे काढून टाका असे मी म्हणणार नाही, कारण अशा फाइली वर्षाला चार-पाचच येतील. पण ते चुकते कुठे हे लिहून ठेवा आणि विक्रेत्याला पत्राने विचारा. उत्तर किती दिवसांत आणि कोणाकडून येते, यात त्यांच्या तांत्रिक विभागाची परीक्षा होते.

याच खलाशाच्या निमित्ताने ई-व्हेरिफिकेशनही तपासा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांत ते करावे लागते. आधारचा ओटीपी ज्या मोबाइलवर जातो तो भर समुद्रात बंद असतो. म्हणून नेट बँकिंग, बँक खात्याचा ईव्हीसी (पडताळणीचा कोड) किंवा डिजिटल सही यांची तयारी क्लायंट घरी असतानाच करून ठेवावी लागते. सॉफ्टवेअरने ‘भरले पण व्हेरिफाय राहिले, इतके दिवस उरले’ अशी यादी रोज सकाळी समोर ठेवली पाहिजे.

आणि जाता जाता: जोडीदार वारल्यावर ५ए ची टिक काढावी लागते. मागच्या वर्षीचा डेटा पुढे ओढताना ही टिकही ओढली जाते. त्या वेळी सॉफ्टवेअर विचारते का ते पाहा. फॅमिली पेन्शन घेणाऱ्या बाईंच्या रिटर्नमध्ये दिवंगत नवऱ्याच्या पॅनसह शेड्युल ५ए भरले गेलेले मी पाहिले आहे.

पायरी चौथी: नव्या कायद्याची तयारी

१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू आहे. पण आर्थिक वर्ष २०२५-२६ चे रिटर्न जुन्या कायद्यानेच, आणि त्यानंतरचा टीडीएस नव्या कायद्याने. म्हणजे काही काळ एकाच टेबलावर दोन कायदे. जुन्यातले पगाराचे १९२ आता ३९२ झाले, आणि १९४ च्या मागे लागलेली अक्षरांची लांबलचक माळ ३९३ च्या तक्त्यांत गेली. आपले ५ए नव्या कायद्यात कलम १० आहे. ‘आकारणी वर्ष’ जाऊन ‘कर वर्ष’ आले.

विक्रेत्याला सरळ विचारा: एकाच परवान्यात दोन्ही कायदे चालतील का, की नव्यासाठी वेगळे मॉड्युल विकत घ्यावे लागेल? सुधारित आणि अद्ययावत रिटर्न जुन्या वर्षांची असतील, अद्ययावत रिटर्नची मुदत आता ४८ महिन्यांपर्यंत वाढली आहे. त्यामुळे जुना कायदा सॉफ्टवेअरमध्ये पुढची चार वर्षे तरी जिवंत हवा.

अद्ययावत आवृत्ती किती लवकर येते, हेही इथेच येते. खाते स्कीमा, म्हणजे रिटर्नच्या फाइलचा साचा, जाहीर करते, त्यानंतरच कोणालाही काम सुरू करता येते. आकारणी वर्ष २०२५-२६ मध्ये फॉर्म आणि युटिलिटी उशिरा आल्या, मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर आणि शेवटी १६ सप्टेंबर झाली. त्या उन्हाळ्यात स्कीमा आल्यापासून कोणाची आवृत्ती किती दिवसांत आली, हे तुमच्या ओळखीच्या दोन-तीन ऑफिसांना विचारा. इतर कोणत्याही शिफारशीपेक्षा मला हे उत्तर जास्त मोलाचे वाटते.

पायरी पाचवी: संगणकावर की क्लाउडवर

आपला हंगाम पावसाळ्यात येतो. जुलैत सत्तरीत झाड पडले की वीज जाते आणि नेटही. क्लाउड सॉफ्टवेअर चांगले, कुठूनही उघडते, बॅकअपची चिंता नाही. पण नेट गेले की ऑफिस रिकामे बसते. संगणकावरचे सॉफ्टवेअर यूपीएसवर चालते आणि नेट आल्यावर फक्त अपलोड करावे लागते. फोंडा, डिचोली, वाळपई, काणकोण या भागांत मी अजूनही संगणकावरचेच निवडतो. पणजी-म्हापशात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नेट घेतलेले असेल तर क्लाउडला हरकत नाही.

संगणकावरचे घेत असाल तर परवाना डोंगलवर (यूएसबीत लावायच्या किल्लीवर) आहे की यंत्रावर ते विचारा. डोंगल हरवला, यंत्र जळले, तर किती दिवसांत नवा परवाना मिळतो? तीन यंत्रांवर एकाच वेळी तोच क्लायंट उघडता येतो का? मुख्य यंत्र बंद असेल तर बाकीची चालतात का? विजांच्या दिवसांत माझे मुख्य यंत्र एकदा गेले. बॅकअप होता, पण तो त्याच टेबलावरच्या हार्ड डिस्कवर, आणि तीही त्याच प्लगवर. तेव्हापासून एक प्रत घरी जाते.

पायरी सहावी: टीडीएस, जीएसटी, ऑडिट एकत्र की वेगळे

याबाबत मी थोडक्यात सांगतो. आयकर, ताळेबंद आणि ३सीडी एकाच सॉफ्टवेअरमध्ये हवेत, कारण आकडे तेच. टॅलीतून ट्रायल बॅलन्स थेट यायला हवा. टीडीएस वेगळे चालते. फक्त ट्रेसेस या टीडीएसच्या पोर्टलवरून कन्सो फाइल (आधी भरलेल्या विवरणपत्राची एकत्रित फाइल) आणून दुरुस्ती करता यायला हवी, आणि अनिवासीकडून घर घेणाऱ्या क्लायंटसाठी अनिवासींच्या टीडीएसचे विवरणपत्र (जुन्या कायद्यात २७क्यू) हवे. जीएसटीसाठी जीएसटीआर-२बी शी जुळवणी करणारे काहीही पुरते. सगळे एकाच डब्यात घेतल्याने स्वस्त पडते असे सांगतात, पण तुम्ही न वापरलेल्या मॉड्युलचे पैसे त्यात असतात. पतसंस्था आणि सोसायट्या असतील तर आयटीआर-५ मध्ये ८०पीची (सहकारी संस्थांची) वजावट, आणि देवस्थाने किंवा ट्रस्ट असतील तर १०बी, १०बीबी हे ऑडिट अहवाल चालतात का, एवढे नक्की पाहा.

एआयएस, २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि आधीच भरलेली प्री-फिल्ड जेसन एका क्लिकवर येतात असे सगळे सांगतात. आणून दाखवायला सांगा, तेही दुपारी, पोर्टलवर गर्दी असताना.

पायरी सातवी: पासवर्ड कोणाच्या हातात

आपल्या सॉफ्टवेअरमध्ये शेकडो कुटुंबांचे पोर्टलचे पासवर्ड असतात. एवढा विश्वास गावात दुसऱ्या कोणावर टाकला जात नाही. म्हणून प्रत्येक सहायकाला वेगळे लॉगिन, कोणी काय बदलले याची नोंद, आणि पासवर्ड डोळ्यांना न दिसता लॉगिन होण्याची सोय, या तिन्ही गोष्टी असल्याशिवाय घेऊ नका. ईआरआय (इतरांची रिटर्न भरणारा मध्यस्थ) म्हणून नोंदणी असलेल्या कंपनीमार्फत रिटर्न जात असेल तर क्लायंटची संमती कशी घेतली जाते ते समजून घ्या. क्लाउडवर असेल तर डेटा देशात राहतो का, आणि करार संपल्यावर पुसला जातो का, हे लेखी मागा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आपल्यालाही लागू होणार आहे. क्लायंटच्या डिजिटल सहीचे टोकन कपाटात कुलपात. यात सॉफ्टवेअरचा संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पायरी आठवी: तीन वर्षांचा खर्च आणि बाहेर पडायचा रस्ता

पहिल्या वर्षाची किंमत विचारू नका, तीन वर्षांची विचारा. पहिले वर्ष, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे नूतनीकरण, जादा यंत्राचे पैसे, जादा मॉड्युल, प्रशिक्षण, आणि वर १८ टक्के जीएसटी. तुमची नोंदणी असेल तर तो जीएसटी वजा मिळेल. नसेल तर खर्चातच धरा. एकूण रकमेला तीन वर्षांतल्या रिटर्नच्या संख्येने भागा. जोडप्याची दोन रिटर्न मोजा. काही कंपन्या रिटर्नमागे आकार घेतात आणि तिथे गोव्याचे ऑफिस दुप्पट पैसे भरते. ‘लिंक केलेल्या जोडीदाराचे वेगळे पैसे नकोत’ असे मी मागून पाहिले आहे आणि एकदा मिळालेही आहे.

मग विचारा: नूतनीकरण केले नाही तर जुनी वर्षे उघडतील का? काही ठिकाणी परवाना संपला की पाहता येते पण छापता येत नाही. काही ठिकाणी उघडतच नाही. हिशेबाच्या वह्या आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षे ठेवाव्या लागतात, आणि मोठ्या रकमेच्या प्रकरणात फेरआकारणीची नोटीस आकारणी वर्ष संपल्यानंतर सव्वापाच वर्षांपर्यंत येऊ शकते. तेव्हा तुमच्या हाती जुनी संगणना हवी. सगळ्या क्लायंटचा डेटा एक्सेलमध्ये एकदम बाहेर काढता येतो का, हे चाचणीच्या प्रतीतच करून पाहा.

मदतीचा फोन खरेदीआधीच लावून पाहा, मुदतीच्या आठवड्यात संध्याकाळी सहा वाजता. कोण उचलतो, हिंदीत का होईना नीट समजावतो का, आणि ‘कलम ५ए’ म्हटल्यावर पुन्हा विचारतो का. वितरक पणजी, मडगाव, बेळगाव, कोल्हापूर यांपैकी कुठेही असला तरी चालतो. पण दूरस्थपणे पडदा पाहून मदत करणारा हवा.

पायरी नववी: बदल कधी करायचा

जूनमध्ये सॉफ्टवेअर बदलू नका, आणि चवथीच्या आसपास तर नाहीच. तेव्हा क्लायंट गावी, सहायक सुट्टीवर आणि ऑडिटचे दिवस जवळ आलेले असतात. ३१ डिसेंबरला विलंबित रिटर्नची मुदत संपली की जानेवारीत हात मोकळे होतात. त्या महिन्यात क्लायंटची मूळ माहिती नव्यात आणा आणि त्याच वेळी जोडप्यांची जोडणी तपासा: दोघांचे पॅन, लग्नानंतर बदललेली नावे, आधारशी जुळणी, ५ए लागू की नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये मागच्या वर्षीची वीस रिटर्न नव्यात भरून जुन्याशी ताडून पाहा. पुढे ओढलेला तोटा, घसाऱ्याची शिल्लक आणि आगाऊ कर हे तीन आकडे हमखास चुकतात, म्हणून ते प्रत्येक फाइलमध्ये हाताने जुळवा.

जुन्या सॉफ्टवेअरचे नूतनीकरण आणखी एक वर्ष करा, जमल्यास एकाच यंत्राचे. पैसे वाया गेल्यासारखे वाटते, पण सप्टेंबरात एखाद्या क्लायंटला चार वर्षांपूर्वीच्या प्लॉटच्या नफ्याबद्दल नोटीस येते आणि त्या वेळची दोघांची संगणना, तशीच्या तशी, पाच मिनिटांत छापून मिळते. ते यंत्र एका कोपऱ्यात ठेवा, नेटपासून तोडून, आणि त्यावर कागद चिकटवा: ‘जुना डेटा, फॉर्मॅट करू नये.’